कशासाठीचा रकाना

आमच्या गावात कुणी किती दान दिलं हे लपून राहत नाही, आणि त्या दानाचं पुढे काय झालं हेही लपत नाही. याला जबाबदार माझे वडील.

पप्पा टेलर आहेत. गाव बेलापूरपासून जवळ, उसाच्या पट्ट्यातलं. एस.टी. थांब्यासमोर त्यांचं एका मशीनचं दुकान आहे, आणि टेलर म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणतात. खरं तर आमच्या घरात शाळेत शिकवणारी मी. श्रीरामपूरला एका विनाअनुदानित शाळेत आहे, म्हणजे काम पूर्ण आणि पगार नावापुरता. पण गावाच्या लेखी मास्तर तेच, आणि मी मास्तरांची पोरगी.

टेलरकडून उरलेलं कापड परत येत नाही, हे जगाने मान्य केलेलं आहे. पप्पांनी केलेलं नाही. ते शिवलेल्या ब्लाऊजच्या आत उरलेली चिंधी घडी करून टाचणीने लावून देतात. बोटभर पट्टी असली तरी. आई कधीकधी वैतागायची. "अवो, त्या चिंधीचं ती करनार काय?" पप्पा मशीनवरून मान वर न करता म्हणायचे, "ते तिचं ती ठरवील. कापड तिचं हाय." लहानपणी मला वाटायचं, बाहुलीला कपडे नसलेली टेलरची मुलगी या तालुक्यात मी एकटीच असेन. याचा मला फार राग यायचा.

याच सवयीमुळे गावचा दानधर्म त्यांच्या गळ्यात पडला. एका वर्षी सप्ताहाच्या पंगतीची साखर उरली आणि ती कुठे गेली यावरून देवळासमोर चांगलीच जुंपली. सप्ताह कमिटीचे मुख्य म्हणजे गावचे किराणा दुकानदार, त्यामुळे बोट साहजिकच त्यांच्या पोत्यांकडे गेलं. बिचारे दुसऱ्या दिवशी पप्पांकडे आले. "मास्तर, हितून पुढं सप्त्याचा हिशोब तुमी लिवा. तुमी चर्चमदले. साखरंवर तुमचा काय हक्क न्हाई आन् लोभबी न्हाई." पप्पा म्हणाले, "लोभाचं सांगू नका, मला च्या लई गोड लागतो." पण हो म्हणाले.

मग एकातून एक वाढत गेलं. दर्ग्याच्या मुजावर चाचांनी उरुसाचं उरलंसुरलं आणून दिलं. आमच्या चर्चच्या मंडळीचं तर होतंच. जयंती मंडळाच्या पोरांनी मिरवणुकीतून वाचलेले पैसे दिले आणि वर एक मोठा फळाही दिला, स्वतःच्या खर्चाने, थांब्याजवळच्या पारावर ठोकून. ठरलं असं, की ज्याच्या त्याच्या सणातून जे उरेल ते एका पेटीत जमा करायचं आणि गावातल्या कुणाच्याही आजारपणाला वापरायचं. पेटी दर्ग्यात ठेवली, कारण तिथे सदैव कुणीतरी असतं. तिला तीन कुलपं. एक किल्ली दुकानदारकाकांकडे, एक चाचांकडे, एक आमच्या मंडळीतल्या म्हाताऱ्या पंचांकडे. पप्पांनी किल्ली घेतली नाही. लिहिणाऱ्याच्या हातात किल्ली नको, असं त्यांचं म्हणणं.

देण्याच्या तऱ्हा मात्र ज्याच्या त्याच्या. सप्ताहात लाऊडस्पीकरवर पुकारा होतो, अमुक गावचे अमुक यांच्याकडून एक दिवसाची पंगत, आणि अमुक यांची छाती त्या दिवशी शर्टात मावत नाही. दर्ग्यात हिरव्या चादरीची चार टोकं चौघं धरतात आणि तीत कुणी काय टाकलं ते कुणी बघत नाही. निदान बघत नसल्यासारखं करतात. आमच्याकडे एरवी बंद पाकीट, पण हंगामाच्या सणाला सगळा संकोच संपतो. वेदीसमोर बाजरी, भोपळे, ऊस, कोंबड्या आणून ठेवायच्या, आणि उपासना झाली की तिथेच लिलाव. गंमत अशी की बोली लावून घेतलेली कोंबडी माणूस घरी नेत नाही, पुन्हा देवाला देतो, आणि तिचा पुन्हा लिलाव होतो. एकदा एक कोंबडी इतक्या वेळा विकली गेली की शेवटी कंटाळून तिने तिथेच अंडं घातलं, आणि पप्पांनी अंड्याचाही लिलाव लावला. मला ही सगळी माणसं त्यांच्या त्यांच्या तऱ्हेसकट आवडतात.

पप्पांचा फळा मात्र सगळ्यांना एकच. रविवारी उपासना आटोपली की ते थेट पारावर. काय आलं, कुठून आलं, किती गेलं, कुणाला गेलं, आणि कशासाठी. शेवटच्या रकान्यावर त्यांचा फार जीव. "देनाऱ्याला कळाया पायजे, आपला पैसा कशाला लागला," ते म्हणायचे. "कशासाठी कळलं न्हाई की मानूस मनात काय बी भरतो." आठवडाभर ते अक्षर फळ्यावर राहायचं. येणारा-जाणारा वाचायचा, एस.टी.ची वाट बघणारा दोनदा वाचायचा. पुढे पुण्याला, सुरतेला गेलेली गावची पोरं मोबाईलवरून पैसे पाठवू लागली, तेव्हा त्यांनाही दिसावं म्हणून दुकानदारकाका फळ्याचा फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकू लागले. पप्पांना त्याचा कोण अभिमान. आपलं अक्षर सुरतेला वाचतात म्हणून ते खडू जरा दाबून लिहायला लागले.

गेल्या हिवाळ्यात आईने मला फोन करून बोलावून घेतलं. कारण सांगेना. मी शनिवारी गेले तर पप्पा दुकानात होते. आईने दार लोटलं, मला चुलीपाशी बसवलं आणि खाली बघत सांगितलं, तिचं अंग बाहेर येतंय. आजचं नाही, कितीतरी वर्षांचं. पाण्याचा हंडा उचलला की, खोकला आला की, फार वेळ उभं राहिलं की. पप्पांना तिने गुडघे दुखतात असं सांगितलं होतं, आणि इतकी वर्षं ते तिच्या गुडघ्यांना तेल चोळत होते. मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. मी म्हटलं, "मला तरी सांगायचंस." ती म्हणाली, "काय सांगू? कसं सांगू? ह्याला सांगायला शब्द तरी हाय का चांगला?"

नगरला एका बाई डॉक्टरांना दाखवलं. गर्भाची पिशवी काढावी लागेल म्हणाल्या, आणि फार लांबवू नका. सरकारी दवाखान्यात स्वस्तात झालं असतं, पण तिथे शिकाऊ पोरं घोळक्याने बघायला येतात असं आईने ऐकलं होतं, आणि त्या विषयावर ती एक अक्षर ऐकायला तयार नव्हती. खर्चातलं मला जमेल ते मी देणार होते. बाकीचं पप्पांच्या मशीनमधून निघण्यासारखं नव्हतं. पेटी होती.

पप्पांना जेव्हा सगळं कळलं तेव्हा ते बराच वेळ आईच्या गुडघ्यांकडे बघत बसले. मग उठले आणि तिन्ही किल्लीवाल्यांकडे स्वतः जाऊन आले. कुणी एका शब्दाने नाही म्हटलं नाही. चाचा तर म्हणाले, याच्यासाठीच आहे की ती, मास्तर. घरी आल्यावर पप्पा पाणी प्याले आणि म्हणाले, "झालं. रविवारी लिवतो."

आई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. "काय लिवता?"

"जे हाय ते."

"माझं अंग? फळ्यावर?"

"ऑपरेशन लिवतो. बायकांचं ऑपरेशन."

"म्हंजे तेच की! आन् फोटो जाईल सुरतंला. त्यापरीस मला ऑपरेशन नको."

ती हे रागाने बोलली नाही, शांतपणे बोलली, म्हणून मी घाबरले. आई रागावली की ते तासाभरात निवतं. शांत बोलली की ती तेच करते.

पप्पांनी समजावायला सुरुवात केली. आजवर प्रत्येकाचं लिहिलं, आता आपलंच लपवायचं कसं? तेव्हा आईने पीठ लागलेले हात परातीवर झटकले आणि त्यांच्याकडे तोंड केलं. "परत्येकाचं लिवलं ना? मग ऐका. पोस्टातल्या तात्यांची मूळव्याध तुमी लिवली. ते आठवडाभर पारावरनं गेलं न्हाईत, मळ्यातनं वळसा घालून बाजारला गेलं. खालच्या आळीतल्या पोरीला फिट येती ते लिवलं. तिचं जमलेलं स्थळ मोडलं."

"ते देन्याघेन्यावरनं मोडलं," पप्पा म्हणाले.

"तसं तुमाला सांगितलं लोकांनी. तुमचं मन राखलं." आईने परात बाजूला सारली. "ब्लाऊजची चिंधी तिची म्हनता, परत देता. आन् आजार कुनाचा हो? तो काय कमिटीचा?"

ती मुलगी आता संगमनेरला असते, तिचं पुढे चांगलं झालं, एक गोड मुलगीही आहे. पण ते स्थळ फळ्यामुळे मोडलं हे पप्पांना त्या दिवशी प्रथम कळलं. ते जेवले नाहीत आणि दुकानातही गेले नाहीत. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले तर म्हणाले, "मला वाटायचं, मी लई चोख काम करतोय." मला त्यांची त्या क्षणी इतकी माया आली की मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं. मोठं झाल्यावर असं आपण करत नाही, पण ठेवलं.

आता तुम्ही म्हणाल, प्रश्न सुटला, मास्तरांनी लिहिलं नाही म्हणजे झालं. दुकानदारकाकाही तेच म्हणाले. संध्याकाळी घरी आले, त्यांना कुणकुण लागली होती. "मास्तर, नाव लिवूच नका. 'एका घरी' लिवा. आमाला तिघांना ठावं हाय, बास झालं. आमी कुठं बोलनार हाय?" भल्या मनाने बोलत होते. पप्पांनी हात जोडले. "दुसरं कुनी असतं तर आज मीच तसं म्हनलो असतो. पन लिवनारा मी आन् घेनाराबी मी. माझंच नाव मी गाळलं, तर त्या साखरंच्या वेळंला आन् आता फरक काय ऱ्हायला?"

इथे सगळं अडलं. नाव लिहिलं की घरात आजारी कोण, हे शेंबडं पोरही ओळखणार, कारण पप्पांची तब्येत ठणठणीत. नाव गाळलं की हिशोब गेला. आई ऑपरेशनला नाही म्हणत होती आणि पप्पा नाव गाळायला. दोघांचंही मला खरं वाटत होतं, आणि आईचं दुखणं तोवर थांबणार नव्हतं. मी दोघांवरही चिडले. म्हटलं, तुम्ही दोघं तत्त्वं सांभाळा, मी हिला उचलून नेते. पप्पा म्हणाले, "पैसं कुठनं आनशील?" या प्रश्नाला विनाअनुदानित उत्तर नसतं.

रविवारी उपासनेत आई माझ्या शेजारी बसली होती. पाळकांचं काय चाललं होतं ते मला आठवत नाही. आई पूर्ण वेळ स्वतःच्या हातांकडे बघत होती. बाहेर पडल्यावर ती घराकडे वळली नाही. पप्पांच्या मागे पाराकडे चालू लागली, हळूहळू, मधेच थांबत. मी हात धरला तर म्हणाली, "सोड. चालता येतंय."

पारावर नेहमीची माणसं होती. देवळातून आलेली, एस.टी.ला थांबलेली, बायकाही होत्या, दळणाचे डबे घेऊन. पप्पांनी फळा पुसला. आलेलं लिहिलं, गेलेलं लिहिलं. कुणाला, या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं, आडनावासकट, ठळक. वाचणाऱ्यांत जरा चुळबुळ झाली. मग त्यांचा हात शेवटच्या रकान्याशी गेला आणि तिथेच राहिला. दुकानदारकाका मोबाईल हातात धरून जमिनीकडे बघत उभे होते. मागून कुणीतरी सहज म्हणालं, "लिवा की मास्तर फुडं."

आई पाराला टेकून बसली होती, ती उठली. "ते न्हाई लिवनार," ती म्हणाली. "ते माझं हाय. मी सांगते." आणि तिने सांगितलं. अंग बाहेर येतं, किती वर्षं येतं, काय करताना येतं, आणि आता पिशवी काढायची आहे. जे शब्द तिने मला चुलीपाशी मान खाली घालून सांगितले होते, तेच शब्द, पण मान वर होती. "तुमी पैसं दिलं म्हनून सांगितलं. तुमचा हक्क हाय. पन सांगायचं का न्हाई हे माझं मी ठरवलं. हे आता फळ्यावर येनार न्हाई आन् फोटोतबी येनार न्हाई. कुनाला आनखी काय इचारायचं असंल तर मी हितं हुबी हाय."

कुणाला काही विचारायचं नव्हतं. दुकानदारकाकांनी मोबाईल खिशात घातला. चाचांनी आईला बसायला आपली खुर्ची सरकवून दिली. पप्पा सगळ्यांकडे पाठ करून फळ्याकडे तोंड करून उभे होते, आणि बाहीने 'कशासाठी' ही अक्षरं पुसत होते. ती केव्हाच पुसली गेली होती, तरी पुसत होते. मला माझ्या आईचा इतका अभिमान वाटला की मी तिथेच हुंदके देऊन रडायला लागले, आणि तिने मला सगळ्यांसमोर गप्प बस म्हणून दटावलं.

दुपारी घरी बायका यायला लागल्या. पहिली आली तेव्हा पप्पा गळ्यात टेप अडकवून पुढे झाले. ती म्हणाली, "माप न्हाई, मास्तर. वहिनीकडं काम हाय." दुसरीही तेच म्हणाली. आईने चुलीपाशी एकेकीला बसवून घेतलं आणि दार लोटलं. मलाही बाहेर काढलं. पप्पा ओट्यावर बसून राहिले. त्यांना विचारावंसं किती वाटत होतं ते मला त्यांच्या तोंडावर दिसत होतं. शेवटी चहा घेऊन ते स्वतःच दुकानात निघून गेले.

त्यानंतर पेटीचं नव्याने ठरलं. किल्ल्या राहिल्या तिथेच, पण किल्ली ज्या घरी असते त्या घरच्या बाईलाही बरोबर बसवायचं, आणि मागणाऱ्याने कशासाठी ते त्या तीन घरांत कुणाला सांगायचं हे त्याचं त्याने निवडायचं. फळ्यावर पैशांचा आकडा आणि किल्लीवाल्यांच्या सह्या. कुणाला शंका आली तर त्याने या माणसांना तोंडावर विचारायचं. ज्याची इच्छा असेल त्याचंच नाव लिहायचं. एकाच नावाला सूट नाही, पप्पांच्या. ते त्यांनी स्वतः घालून घेतलं. सुरतेहून कुणीतरी ग्रुपवर विचारलं, आता नावं का नसतात? दुकानदारकाकांनी उत्तर दिलं, गावाला ये, पारावर बस, सगळं सांगतो. तो आला नाही, पण त्याचे पैसे येत राहिले.

आईच्या ऑपरेशनच्या दिवशी नगरला जायला जीप सांगितली होती. मी, आई, पप्पा, एवढेच जाणार होतो. पहाटे दारात जीप आली तर आत आधीच बायका बसलेल्या. थंडी होती, पण थंडीपुरता नव्हे, प्रत्येकीने पदर असा ओढून घेतला होता की डोळे तेवढे दिसावेत. त्यांनाही त्याच बाई डॉक्टरांना दाखवायचं होतं. आईने मला सुद्धा हे आधी सांगितलं नव्हतं. ती पप्पांना म्हणाली, "जागा न्हाई. तुमी मागनं एस.टी.नं या."

पप्पा बरं म्हणाले. त्यांनी आईला हात देऊन चढवलं, मागचं दार लावायला पुढे झाले, आणि कडी घालताना त्यांची नजर आत गेली. या बायकांनी तोंडं झाकली होती, पण जीपच्या दांडीला धरलेले हात तर उघडेच होते, आणि त्या हातांवरच्या ब्लाऊजच्या बाह्या पप्पांनीच शिवलेल्या होत्या. एकेका बाहीचा घेर त्यांना पाठ आहे. कोण कोण बसलंय ते त्यांना एका क्षणात कळलं असणार. त्यांनी घाईने कडी घातली, जीपकडे पाठ केली, आणि आम्ही वळणाआड होईपर्यंत तसेच उसाच्या रानाकडे बघत उभे राहिले.